आजीचा दंड, बेनची म्हैस आणि सरकारची हत्यारं



पोस्ट लांबली आहे, आधीच सांगून टाकतो. चहा घेऊन बसा.

या दिवाळीत आमच्या बडोद्याच्या घरी पुण्याहून पुतण्या आला होता आणि इंदूरहून भाची. भाऊबीजेचं जेवण झालं, सगळे हात वाळवत बसलेले, आणि विषय निघाला तोही बहिणींचाच. भाचीकडे इंदूरला ज्या मावशी कामाला येतात त्यांच्या खात्यात ‘लाडली बहना’चे पैसे जमा होतात. पुतण्याकडे पुण्यात स्वयंपाकाला येणाऱ्या काकूंना ‘लाडकी बहीण’चे महिन्याला दीड हजार मिळतात. पुतण्या म्हणाला, “ही सरळसरळ रेवडी आहे. आणि ती आमच्या टॅक्समधून.” भाची उसळलीच. म्हणाली, “दादा, मावशींनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं पासबुक हातात घेऊन आकडे वाचायला लावले मला. ते तुला दिसत नाही.” मग दोघंही माझ्याकडे वळली. एक म्हणतो, “काका, तुम्ही बँकेत होतात, तुम्ही सांगा.” दुसरी म्हणते, “मामा, खरं सांगा हं.”

मी तेव्हा “चकली घ्या” म्हणून वेळ मारून नेली. पण रात्री झोप लागेना. अडतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी सरकारी योजनांचे अर्ज मंजूर करण्यात गेली, आणि साध्या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही, ही गोष्ट मनाला लागली. म्हणून हे लिहायला घेतलं. मी अर्थशास्त्रज्ञ नाही. महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाचा १९७२ सालचा बी.कॉम. आहे. डेबिट-क्रेडिट एवढंच कळतं. पण धोरण नावाची गोष्ट मी दोन्ही बाजूंनी बघितली आहे. आमच्या घरात ती आजीच्या रूपानं होती आणि नोकरीत ती माझ्याच सहीनं लोकांपर्यंत जात होती.

आधी आजीचं सांगतो.

माझी आजी १९०१ सालची. तिचे वडील, म्हणजे माझे पणजोबा, बडोदे सरकारच्या महसूल खात्यात कारकून. मुलगे शाळेत जात, मुलीला घरीच ठेवलं होतं. पाठची भावंडं सांभाळायला कोणी तरी हवं ना! १९०६ साली सयाजीराव महाराजांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलग्यांना बारा वर्षांपर्यंत आणि मुलींना दहा वर्षांपर्यंत. मूल शाळेत नसेल तर बापाला दंड. पणजोबांना वाटलं, आपण सरकारी माणूस, आपल्याला कोण विचारतो? पण विचारलं. दंड झाला. किती आणे झाला याबद्दल आमच्या घरात प्रत्येकाचा आकडा वेगळा आहे, पण झाला हे नक्की. दुसऱ्या दिवशी आजी पाटी घेऊन शाळेत.

आजी म्हातारपणी हसत सांगायची, “माझी फी नव्हती रे, दंड होता. तो बापानं भरला म्हणून मी शिकले.” ती चौथीपर्यंत शिकली. तेवढ्या शिदोरीवर तिनं घरातला हिशेब पन्नास वर्षं ठेवला. वाण्याची उधारी, दूधवाल्याचा रतीब, लग्नातले आहेर, सगळं एका लांबट वहीत. मी बँकेत लागलो तेव्हा तिनं विचारलं होतं, “तुमच्याकडे रोजची बाकी रोज काढतात ना? मग ठीक आहे.” माझी पहिली तपासनीस तीच.

आता गंमत बघा. याच महाराजांनी त्याच्या दोन वर्षं आधी, १९०४ साली, बालविवाह रोखण्याचा कायदा केला होता. त्यातही दंडच होता. पण माझ्या आजीचं लग्न कायद्यातल्या वयाच्या आधीच झालं. पणजोबांनी वऱ्हाड ब्रिटिश हद्दीतल्या नातेवाइकांच्या गावी नेलं आणि तिथे अक्षता टाकल्या. ज्यांना एवढं जमत नसे ते सरळ दंड भरत. लग्नाच्या खर्चात वाजंत्री, जेवणावळ, मानपान, तसा सरकारचा दंड. असा तो कायदा खूप वर्षं चालला.

एकच राजा, एकच राज्य, एकच बाप, आणि हत्यारही एकच, दंड. एका ठिकाणी लागू पडलं, दुसऱ्या ठिकाणी बोथट झालं. का? या ‘का’मध्ये माझ्या मते सरकारी धोरणाची निम्मी विद्या आहे.

आपल्याकडे जुनी चौकट आहे, साम, दाम, दंड, भेद. राजकारणात आपण ती वाईट अर्थानं वापरतो. पण कुठलंही सरकार, कुठल्याही पक्षाचं, लोकांकडून काही करून घ्यायचं ठरवतं तेव्हा त्याच्या पिशवीत हीच हत्यारं असतात. साम म्हणजे समजावणं. भिंतीवरचा कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आठवतो? पोलिओचे दोन थेंब? २०१५ साली ‘परवडत असेल तर गॅसची सबसिडी सोडा’ अशी विनंती झाली आणि पुष्कळांनी ती सोडलीही, तोही सामच. दाम म्हणजे पैसा. सबसिडी, व्याजात सूट, शिष्यवृत्ती, खात्यात थेट रक्कम. आणि उलट बाजूनं, सिगारेटवरचा कर. दंड म्हणजे कायदा, परवाना, बंदी. गुजरातेत दारूबंदी आहे. मी गुजरातेत राहतो, त्यामुळे याहून जास्त बोलत नाही.

भेदाचा अर्थ मी माझ्या नोकरीवरून थोडा वेगळा लावतो. कोण पात्र आणि कोण अपात्र हे ठरवणं म्हणजे भेद. रेशनकार्डाचा रंग, दारिद्र्यरेषेची यादी, दोन हेक्टरच्या आत की बाहेर. वरून ही कारकुनी बाब वाटते, पण माणसाचं नशीब बहुतेक वेळा या रेघेवरच फिरतं. शिवाय एक पाचवं हत्यार आहे. सरकारनं ते काम स्वतःच करणं. शाळा काढणं, कालवा खणणं, दवाखाना चालवणं, आणि १९ जुलै १९६९ रोजी केलं तसं चौदा बँका स्वतःच्या ताब्यात घेणं. त्या पाचव्या हत्याराच्या पगारावर माझा संसार झाला, म्हणून त्याचं नाव विसरून चालणार नाही.

आता आजीच्या शाळेकडे परत येऊ. महाराजांनी सक्ती एका फर्मानात राज्यभर लादली नाही. बडोदे राज्य सलग नव्हतं. बडोदा, कडी, नवसारी, अमरेली असे विखुरलेले प्रांत. १८९३ साली सक्तीचा प्रयोग सुरू झाला तो दूर काठेवाडातल्या अमरेली तालुक्यातल्या मोजक्या दहा गावांत. तिथे तो आठ वर्षं चालवून बघितला. मग पूर्ण अमरेली तालुका. मग १९०६ मध्ये सगळं राज्य. तेरा वर्षं! आज एखादी योजना दुपारी जाहीर होते आणि संध्याकाळी तिचे फॉर्म झेरॉक्सच्या दुकानात मिळतात, त्या काळात आपल्याला हे संथ वाटेल. पण त्या तेरा वर्षांत किती मास्तर लागतात, शेतीच्या दिवसांत हजेरी किती घसरते, दंड वसूल कोण करणार, हे सगळं कळायला वाव मिळाला.

दुसरं म्हणजे नुसता दंड नव्हता. दंडाच्या जोडीला शाळा होती आणि ती मोफत होती. बापाला ‘मुलीला पाठव’ म्हणताना ‘कुठे पाठवू?’ याचं उत्तर सरकारनं आधी बांधून ठेवलं होतं. बालविवाहाच्या कायद्यात असं उत्तर नव्हतं. मुलगी अकराव्या वर्षी उजवली नाही तर जात काय म्हणेल, चांगलं स्थळ हातचं गेलं तर पुढे काय, याला दंडाच्या पावतीत जागा नव्हती. जातीचा दंड सरकारच्या दंडापेक्षा मोठा होता. पणजोबांनी दोन दंडांची तुलना केली आणि स्वस्त तो पत्करला. कारकूनच ते, हिशेब पक्का.

तिसरं उदाहरण वाचनालयांचं. १९१० साली महाराजांनी अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणले आणि राज्यात वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. गावोगावच्या वाचनालयांना मदत देण्याची पद्धत मला बँकवाला म्हणून फार आवडते. गावानं ठरावीक रक्कम उभी करायची, मग तेवढीच प्रांत पंचायत घालणार आणि तेवढीच सरकार. तीन खांदे. गावानं आपला रुपया घातला की ते कपाट गावाचं होतं, त्याला कुलूप लावायला आणि उघडायलाही कोणी तरी येतं. आम्ही कर्ज देताना कर्जदाराचा स्वतःचा हिस्सा मागायचो, तेच तत्त्व.

महाराजांचं कौतुक करायला ही पोस्ट नाही. आपल्या ग्रुपवर ते पुरेसं होतं. सक्तीच्या दंडाचा चटका गरिबाला जास्त बसला, हेही खरं; माझ्या पणजोबांना पगार होता, शेतमजुराला नव्हता. पण नामदार गोखल्यांनी कलकत्त्याच्या कायदे कौन्सिलात हीच सक्ती मागताना बडोद्याचा दाखला दिला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्यांचं १९११ चं विधेयक पुढच्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळलं गेलं. देशभर शिक्षणाच्या हक्काचा कायदा लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडावं लागलं. तोवर माझी आजी जाऊन पंचवीस वर्षं झाली होती.

आता माझं.

मी १९७३ साली बँकेत लागलो. बँक राष्ट्रीयीकृत, नाव सांगत नाही. कारकून, मग अधिकारी, मग खेड्यातल्या पोस्टिंग. त्या काळात आम्हा बँकवाल्यांना एक नवीन बाराखडी शिकावी लागली. राष्ट्रीयीकरणाच्या वर्षीच लीड बँक योजना आली, एकेका जिल्ह्याची जबाबदारी एकेका बँकेवर. त्या विचारामागे आपल्या धनंजयराव गाडगीळांच्या अभ्यासगटाचा अहवाल होता. मग अग्रक्रम क्षेत्र, एकूण कर्जाच्या चाळीस टक्क्यांचं उद्दिष्ट. मग २ ऑक्टोबर १९८० पासून देशातल्या सगळ्या विकास गटांत आय.आर.डी.पी., म्हणजे एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम. गरीब कुटुंबाला म्हैस, शिलाई मशीन, बैलजोडी असं काही उत्पन्नाचं साधन द्यायचं. किमतीचा काही हिस्सा सरकारची सबसिडी, उरलेलं बँकेचं कर्ज. अल्पभूधारकाला पाव, मजुराला तिसरा हिस्सा, आदिवासींना निम्मी सबसिडी. आणि दर गटात दर वर्षी सहाशे कुटुंबं.

कल्पना वाईट नव्हती, आजही मी तसंच म्हणेन. दाम होता, भेदही विचारपूर्वक केला होता.

माझं पहिलं पोस्टिंग चरोतरात, आणंदच्या बाजूला. तिथे मी म्हशींची कर्जं दिली आणि ती फिटली. मला वाटलं, मी फार हुशार अधिकारी आहे. सकाळी सहा वाजता शाखेवरच्या खोलीच्या खिडकीतून बघायचो. दूध मंडळीच्या दारात बायकांची रांग, हातात बरण्या, फॅट मोजायचं यंत्र, लगेच पैशाचा हिशेब. हप्ता मंडळीकडूनच कापून बँकेत यायचा. आमच्या वसुलीचा आकडा बघून विभागीय कार्यालयातून शाबासकीचं पत्र आलं. ते अजून फाइलमध्ये आहे.

१९८६ मध्ये माझी बदली पूर्वेकडे झाली, छोटा उदेपूरच्या पट्ट्यात, तेव्हा तो भाग बडोदे जिल्ह्यातच होता. गावाचं नाव सांगत नाही. राठवा आदिवासींची वस्ती, टेकड्या, मक्याची शेती, शनिवारचा हाट. योजना तीच, म्हैस तीच, फॉर्म तोच, अधिकारीही तोच, मी. फक्त दूध मंडळी नव्हती. सगळ्यात जवळचं दूध संकलन अकरा किलोमीटरवर, आणि पावसाळ्यात मध्ये ओढा. त्या गावात दूध विकत घेणार कोण? शेजाऱ्याकडेही मीच म्हैस दिलेली.

हे मला पहिल्या आठवड्यात दिसलं होतं. पण मार्च जवळ येत होता आणि तालुक्याच्या बैठकीत तक्ता वाचला जायचा. अमुक शाखा, उद्दिष्ट इतकं, पूर्तता इतकी. उभं राहून “साहेब, इथे म्हशीऐवजी दुसरं काही तरी द्या” म्हणण्याची हिंमत माझ्यात नव्हती. तक्त्यात ‘दुसरं काही तरी’ असा रकानाच नव्हता. मार्चच्या एका दिवशी मंडप घातला, लाउडस्पीकर लावला, पुढाऱ्यांची भाषणं झाली आणि एका दिवसात आम्ही बत्तीस म्हशींची कर्जं मंजूर केली. कागदावर प्रत्येकी दोन म्हशी होत्या. एक आटली की दुसरी दुभती असावी म्हणून दुसरी सहा महिन्यांनी द्यायची. दुसरी बहुतेकांना मिळालीच नाही. पुढच्या वर्षी नवीन उद्दिष्ट, नवीन नावं.

त्या बत्तिसांत एक विधवा बाई होत्या. आम्ही सगळ्यांना बेनच म्हणायचो, इथेही बेनच म्हणतो. साडेतीन हजारांची म्हैस, निम्मी सबसिडी, साडेसतराशे कर्ज. १९८७ चा दुष्काळ गुजरातवाल्यांना आठवत असेल. त्याआधीची दोन वर्षंही कोरडीच. चारा सोन्याच्या भावानं. म्हैस आटली आणि दिवाळीच्या सुमारास मेली. विमा होता. पण विम्याच्या दाव्याला म्हशीच्या कानातला बिल्ला लागतो, आणि तो काटेरी कुंपणात कान फाटून कधीच पडला होता. बिल्ला नाही, दावा नाही. मी एक पत्र लिहिलं, नकार आला, तो फाइलला लावला.

इथवर दैव म्हणता येईल. पुढचं माझं. दुष्काळात हप्ते पुढे ढकलण्याचा प्रस्ताव वर पाठवता येत होता. पाठवला असता तर मंजूर झाला असता, असं मला आजही वाटतं. पण त्यानं वसुलीची टक्केवारी त्या वर्षी खाली दिसली असती आणि माझी बढतीची मुलाखत होती. मी प्रस्ताव पाठवला नाही. वसुलीची नोटीस पाठवली. बेन वाचू शकत नव्हत्या, तलाठ्यानं वाचून दाखवली. १९८९ च्या सुरुवातीला त्या हाटाच्या दिवशी शाखेत आल्या, पदराची गाठ सोडली आणि व्याजासकट सगळी रक्कम काउंटरवर ठेवली. पायातली चांदीची कडी विकली होती. मी पावती दिली. मनात म्हणालो, एक खातं सुटलं.

पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, केंद्र सरकारची कर्जमाफी आली. दहा हजार रुपयांपर्यंतची शेतकऱ्यांची, ग्रामीण कारागिरांची थकलेली कर्जं माफ. थकलेली, हा शब्द महत्त्वाचा. ज्यांनी एक पैसा भरला नव्हता त्यांची खाती आम्ही लाल शाईनं बंद केली. बेननी भरले होते. त्यांच्या नावावर माफ करण्यासारखं काही नव्हतं.

माझ्या बदलीच्या आधीच्या हाटाला त्या आल्या. रागावल्या नव्हत्या. नुसतं विचारलं, “साहेब, में भरी दीधा ए खोटुं कर्युं?” मी भरले, ते चुकलं का?

मंडळी, पस्तीस वर्षं झाली. मी तेव्हा म्हटलं, “ना बेन, सारूं कर्युं.” त्यांनी मान हलवली आणि गेल्या. मला माहीत होतं की मी खोटं बोललो नव्हतो, पण खरंही बोललो नव्हतो. त्या गावानं त्या वर्षी एक धडा शिकला. भरणारा मूर्ख. हा धडा पुसायला माझ्यानंतरच्या तीन मॅनेजरांना जमलं नाही. २००८ मध्ये पुन्हा मोठी माफी आली, दोन हेक्टरपर्यंतच्यांना पूर्ण, वरच्यांना काही अंशी. तेव्हा मी शहरात होतो. फॉर्म छाननी करताना दर दुसऱ्या नावाला मला ती कडी दिसत होती.

माफी देऊच नये असं मी म्हणत नाही. पाऊसच पडला नाही तर हप्ता कुठून येणार? ज्या शेतकऱ्याचं कर्ज खरोखर बुडीत होतं त्याला माफीनं श्वास घेता आला, हेही मी बघितलं आहे. माझं म्हणणं एवढंच की माफी हे हत्यार कापताना आडवं कापतं. त्यातला ‘भेद’ गरीब-श्रीमंत असा पडत नाही, भरलेला-न भरलेला असा पडतो. तेच हप्ते दुष्काळाच्या वर्षीच पुढे ढकलले असते, आणि म्हैस मेली त्या महिन्यात विम्याचे पैसे आले असते, तर माफीची गरजही कमी पडली असती आणि बेनची कडीही राहिली असती. ती दोन्ही हत्यारं पिशवीत होती. ती वापरण्याचं काम माझ्यासारख्यांचं होतं.

पुष्कळ लोक म्हणतात, योजना चांगली होती, अंमलबजावणी वाईट झाली. हे वाक्य मीही खूप वर्षं वापरलं. आता वापरत नाही. चरोतरात अंमलबजावणी करणारा मीच होतो आणि छोटा उदेपूरला बिघडवणाराही मीच. फरक दूध मंडळीचा होता. चरोतरात १९४६ पासून लोकांनी स्वतः उभी केलेली सहकारी दुधाची साखळी तयार होती, आमची योजना तिच्या खांद्यावर बसून मोठी दिसली. जिथे तो खांदा नव्हता तिथे ती पडली. आणि ‘वर्षाला सहाशे’ हा आकडा ठरवणाऱ्यानं माझ्यासारख्या माणसाचं काय होईल याचा विचार करायला हवा होता. तुम्ही माणसाला जे मोजाल तेच तो करेल. आम्हाला दिलेल्या म्हशी मोजायच्या होत्या, जगलेल्या नव्हे.

आता पुतण्या आणि भाचीला माझं उत्तर.

पुतण्या, खात्यात थेट पैसे जाणं ही वाईट गोष्ट नाही. माझ्या काळात सबसिडी ग्रामसेवक, खरेदी समिती, जनावरांचा व्यापारी आणि बँक अशा चार उंबऱ्यांवरून जायची आणि प्रत्येक उंबऱ्यावर थोडी सांडायची. आज ती बाईच्या स्वतःच्या नावावर पडते. २०१४ मध्ये जनधन खाती सुरू झाली तेव्हा मी निवृत्त झालो होतो. शून्य बाकीची खाती काय कामाची, म्हणून मीही हसलो होतो. माझं चुकलं. नळ बसवल्याशिवाय पाणी सोडता येत नाही. आणि टॅक्सचं म्हणशील तर तू ज्या गृहकर्जावर सूट घेतलीस तोही दामच होता. आपल्याला मिळतं ते प्रोत्साहन आणि मावशींना मिळते ती रेवडी, ही आपली सोयीची भाषा आहे.

भाची, तुझं पासबुकाचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण दाम हे एकच हत्यार आहे. मावशींच्या मुलीची शाळा नीट चालते का, आजारपणात सरकारी दवाखान्यात डॉक्टर भेटतो का, याचं उत्तर दीड हजारात नाही. म्हशीच्या जोडीला दूध मंडळी लागते, दंडाच्या जोडीला शाळा लागते, तसं या पैशाच्या जोडीला काय आहे, हे विचारत राहा. आणि यादीतून एखाद्या वर्षी नाव वगळलं गेलं तर मावशींनी कोणत्या खिडकीवर जायचं, हेही विचार. भेदाची रेघ कधी ना कधी चुकतेच. ती दुरुस्त करायची खिडकी आहे की नाही यावर मी योजनेचे निम्मे मार्क देतो.

म्हणून यापुढे कुठल्याही सरकारनं काहीही जाहीर केलं की मी तीन गोष्टी बघतो. हत्यार कुठलं काढलं, आणि जोडीला काय आहे? आधी दहा गावांत करून बघितलं का? आणि वर्षभरानं परत जाऊन बघणारा कोण, आणि त्याला काय मोजायला सांगितलं आहे? पक्ष कुठला हे मी चौथ्या नंबरवर ठेवलं आहे. माझे मित्र म्हणतात की ते पहिल्या नंबरवर ठेवलं तर विचार करण्याचा त्रास वाचतो. वाचतो खरा.

आजीची वही माझ्याकडे आहे. शेवटच्या पानांवर तिचं अक्षर थरथरलेलं आहे, पण बेरीज चुकलेली नाही. बेनकडे अशी वही नव्हती. त्यांच्या हिशेबाची एकच पावती असेल, माझ्या सहीची, आणि ती त्यांना वाचता येत नव्हती. १९०६ च्या त्या सक्तीतही काही मागास जमातींना वगळलं होतं आणि नंतरच्या सरकारांच्या शाळाही त्या टेकड्यांवर उशिरा पोचल्या. बेनच्या वडिलांना कोणी दंड केला नाही.

आपल्या ग्रुपवर बडोद्याचे, इंदूरचे, ग्वाल्हेरचे, बेळगावचे, हैदराबादचे, गोव्याचे पुष्कळ लोक आहेत. प्रत्येकाच्या घरात अशी एखादी सरकारी गोष्ट असणार. कुणाची आजी दंडामुळे शिकली असेल, कुणाचे वडील शिष्यवृत्तीवर, कुणाची जमीन कालव्यात गेली असेल. खाली लिहा. बाजू कुठलीही असो, काय झालं ते लिहा. आणि तुमच्यापैकी कोणी बँकेत, तहसिलीत, पंचायतीत काम केलं असेल आणि न पाठवलेला एखादा प्रस्ताव आठवत असेल, तर तोही लिहा. वयाच्या पंचाहत्तरीला लिहून टाकलेलं बरं, असा माझा अनुभव आहे.